लक्ष्मी तालच्या काठी झाशीचा एक दिवस

किल्ला पाहून तासाभरात पुढची गाडी पकडणारे पर्यटक झाशीचे अर्धेच दर्शन घेतात. उरलेली अर्धी झाशी शहराच्या पूर्वेला एका तळ्याकाठी आहे. राणीच्या संसाराची खूण तिथे आजही उभी आहे.

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. उधळलेला घोडा, हातात तलवार आणि पाठीशी बांधलेला लहानगा दामोदर. शाळेच्या भिंतीवर, गणेशोत्सवाच्या आराशीत आणि मुलींच्या वेशभूषा स्पर्धेत हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले असते. त्यामुळे झाशीला जायचे म्हणजे किल्ला पाहायचा, तोफेजवळ उभे राहून फोटो काढायचा आणि ओरछा किंवा खजुराहोच्या वाटेला लागायचे, असाच बहुतेकांचा बेत असतो.

पण या चित्रात एक माणूस कधीच दिसत नाही. तो म्हणजे राणीचा नवरा. लक्ष्मीबाई कोणाची राणी होती, असे विचारले तर बरेच जण क्षणभर थांबतात आणि मग गंगाधररावांचे नाव आठवून सांगतात. या गंगाधररावांना भेटायचे असेल तर किल्ला उतरून, जुने शहर ओलांडून लक्ष्मी तालच्या काठी जावे लागते.

नाशिकहून निघालेले एखादे मध्यमवयीन जोडपे डोळ्यांसमोर आणा. मुले मोठी झाली आहेत. नवरा नुकताच निवृत्त झाला आहे. इतकी वर्षे प्रवास म्हणजे लग्नकार्य, नाही तर मुलांच्या परीक्षा. दोघांनीच असे बाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ. नवऱ्याने नोकरीतल्या सवयीने कागदावर वेळापत्रक आखले आहे. सकाळी किल्ला, अकराला राणी महाल, दुपारी ओरछा. बायकोने त्या कागदाखाली पेनाने एकच ओळ वाढवली आहे, लक्ष्मी ताल.

‘‘तिथे काय आहे? एक तळं तर आहे,’’ नवरा म्हणतो.

‘‘तिच्या नवऱ्याची छत्री आहे. तिनेच बांधलेली,’’ बायको उत्तर देते.

अशा जोडप्याचा झाशीतला दिवस कसा जाऊ शकतो, ते पाहू या.

सोयीची गाडी, सोयीचा हंगाम

मुंबई-दिल्ली मध्य रेल्वेच्या जुन्या मार्गावर झाशी हे मोठे जंक्शन आहे. 1912 पासून धावणारी पंजाब मेल याच मार्गाने जाते. रात्री नाशिक रोडला गाडीत बसले की भुसावळ, इटारसी, भोपाळ मागे टाकत दुसऱ्या दिवशी दुपारी झाशीला उतरता येते. स्टेशनवर ‘झाशी’ एवढीच पाटी शोधणाऱ्यांनी गोंधळून जाऊ नये. या स्टेशनचे नाव बदलून वीरांगना लक्ष्मीबाई झाशी असे करण्यात आले आहे.

ज्या दिवशी पोचाल त्या दिवशी विश्रांती घ्यावी आणि दुसरा पूर्ण दिवस शहराला द्यावा. हंगाम मात्र नीट निवडावा. बुंदेलखंडचा उन्हाळा कडक असतो. मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि किल्ल्याचे दगड तव्यासारखे तापतात. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. डिसेंबर-जानेवारीत सकाळी चांगलीच थंडी असते, तेव्हा स्वेटर आणि शाल जवळ असू द्यावी.

सकाळ किल्ल्यावर

शहरातून किल्ल्याकडे जाताना वाटेत कचोरी आणि गरम जलेबीचा नाश्ता मिळतो. तो करूनच वर चढावे, कारण किल्ला निवांत पाहायला दोन-अडीच तास सहज लागतात.

बंगरा नावाच्या खडकाळ टेकडीवरचा हा किल्ला ओरछाचे राजे बीरसिंह देव यांनी 1613 मध्ये बांधला. किल्ल्याचा विस्तार सुमारे 15 एकर आहे आणि ग्रॅनाइटच्या भिंती काही ठिकाणी 16 ते 20 फूट जाड आहेत. 1858 च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या तोफा दिवसच्या दिवस आग ओकत असताना हा किल्ला कसा टिकला असेल, हे त्या भिंतींना हात लावल्यावर कळते.

आत शिरताच ‘कडक बिजली’ ही तोफ लक्ष वेधून घेते. पुढे ‘भवानी शंकर’ तोफ आहे. तोफखान्याचा प्रमुख गुलाम गौस खान, त्याचा सहकारी खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरीही किल्ल्यातच आहेत. हिंदू राणीसाठी लढताना मेलेले हे मुसलमान गोलंदाज आणि त्यांच्या शेजारी चिरविश्रांती घेणारी मोतीबाई यांच्यापाशी आल्यावर गप्पा मारत चाललेल्या सहलीही जरा शांत होतात.

ज्या तटावरून राणीने घोड्यासह उडी घेतली असे सांगतात, ती जागाही दाखवली जाते. तिथून खाली डोकावले की ही उडी खरी मानायची की लोकांच्या प्रेमाने रचलेली, असा प्रश्न पडतोच. इतिहास एवढे नक्की सांगतो, की 3 एप्रिल 1858 रोजी इंग्रज फौज शहरात घुसली, 4 एप्रिलच्या रात्री राणी मोजक्या स्वारांसह बाहेर पडली आणि काल्पीकडे गेली.

आपल्या जोडप्यातला नवरा तोफांजवळ रमतो. तो कठड्याशी उभा राहून वेढा कुठे पडला असेल, तात्या टोपे मदतीला कुठल्या बाजूने आले असतील, याचा अंदाज बांधतो. 1 एप्रिलला बेतवा नदीजवळ तात्यांचा पराभव झाला आणि झाशीची आशा संपली, हे त्याला तोंडपाठ आहे. बायको मात्र एका वेगळ्याच ठिकाणी थांबते. गंगाधररावांच्या कारकीर्दीशी जोडली जाणारी फाशीची जागा किल्ल्यात दाखवतात.

‘‘अहो, म्हणजे माणूस कडकच होता म्हणायचा,’’ ती म्हणते.

माणूस कडक होता आणि शौकीनही होता. गंगाधररावांना नाटकाचे वेड होते. त्यांनी नाटकशाळा चालवली होती आणि स्वतःही ते भूमिका करीत, असे सांगतात. ग्रंथांचीही त्यांना आवड होती. झाशीच्या सरकारवाड्यातला पोथ्यांचा संग्रह दूरदूरच्या विद्वानांना माहीत होता. 1858 च्या लुटीत तो नष्ट झाला.

त्या लुटीचे वर्णन एका मराठी माणसानेच लिहून ठेवले आहे. पेणजवळच्या वरसईचे वेदमूर्ती विष्णुभट गोडसे चार पैसे मिळवावेत म्हणून उत्तरेत गेले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक 1907 मध्ये चिंतामणराव वैद्य यांनी प्रसिद्ध केले. झाशीला जाण्यापूर्वी ते वाचून जावे. मग किल्ल्यातले मोकळे चौक रिकामे वाटत नाहीत.

नाशिकची घंटा आणि झाशीचा तट

नाशिकच्या माणसाला झाशीत आणखी एक ओळखीचे नाव भेटते. गोदावरीकाठच्या पंचवटीत नारोशंकराचे देऊळ आहे आणि त्याची घंटा प्रसिद्ध आहे. 1747 मध्ये ते देऊळ बांधणारे नारोशंकर राजेबहाद्दर हेच झाशीचे मराठी सुभेदार होते.

छत्रसाल बुंदेल्याच्या हाकेला धावून 1729 मध्ये पहिल्या बाजीरावांनी महंमदखान बंगशाला हरवले. त्या उपकाराची फेड म्हणून छत्रसालाने आपल्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा बाजीरावांना दिला आणि बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला. 1742 मध्ये नारोशंकर झाशीला आले. त्यांनी किल्ला वाढवला. तो भाग आजही ‘शंकरगड’ म्हणून ओळखला जातो. किल्ल्याच्या पायथ्याशी गावाचे शहर झाले ते त्यांच्याच काळात. पुढे रघुनाथ हरी नेवाळकर सुभेदार झाले. मूळचे रत्नागिरीकडचे हे घराणे पिढ्यान्‌पिढ्या झाशीत नांदले. गंगाधरराव हे त्यातले शेवटचे राजे.

‘‘म्हणजे आपल्या घाटावरची घंटा आणि हा तट एकाच माणसाचा!’’ बायकोला हे ऐकून नवल वाटते. इतकी वर्षे भाजीला जाता-येता ते देऊळ पाहिले होते. त्या माणसाने इथे हजारेक किलोमीटरवर काय उभे केले, हे कधी कोणी सांगितले नव्हते.

झाशीत मराठी माणसे आजही आहेत. अनेक पिढ्या इथे गेल्यामुळे त्यांच्या बोलण्यात हिंदी मिसळली आहे, पण घरातला गणपती सुटलेला नाही. शहरातल्या गणेश मंदिरात 1842 मध्ये गंगाधरराव आणि मणिकर्णिका यांचा विवाह झाला, असे झाशीत सांगतात. काशीत जन्मलेली आणि बिठूरला दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाने वाढलेली मोरोपंत तांब्यांची मनू या लग्नानंतर लक्ष्मीबाई झाली. जोडप्याने झाशी पाहायला जावे आणि या मंदिरात डोकावू नये, असे होऊ नये.

राणी महाल: बाजारातला वाडा

किल्ला उतरून जुन्या शहरात शिरले की गर्दी सुरू होते. ई-रिक्षा, हातगाड्या, कापडाची दुकाने, भांड्यांचा खणखणाट. या बाजाराच्या मधोमध राणी महाल आहे. आत पाऊल टाकताच बाहेरचा गोंगाट एकदम कमी होतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नेवाळकर घराण्यातल्या रघुनाथरावांनी बांधलेला हा दुमजली वाडा आहे. मधे मोकळा चौक आणि भोवती दालने. वरच्या दरबार दालनाच्या छतावर आणि भिंतींवर वेलबुट्टी, मोर, फुले रंगवलेली आहेत. रंग बरेच विटले आहेत, तरी लाल आणि हिरव्या छटा अजून ओळखू येतात. आता इथे संग्रहालय आहे आणि नवव्या ते बाराव्या शतकातली दगडी शिल्पे मांडून ठेवली आहेत.

पण या वाड्याचे खरे महत्त्व वेगळे आहे. 1854 मध्ये झाशी खालसा झाल्यावर राणीला किल्ला सोडावा लागला आणि ती या वाड्यात राहायला आली. इंग्रजांनी तिला महिना पाच हजार रुपये पेन्शन देऊ केले. झाशी देणार नाही, हे तिचे उद्गार याच काळातले. जॉन लँग नावाचे वकील 1854 मध्ये तिच्या बोलावण्यावरून झाशीला आले होते, त्यांनी ते नोंदवून ठेवले.

हे उद्गार म्हणताना आपण तलवार उपसलेली राणी कल्पितो. प्रत्यक्षात त्या वेळी तिच्या हातात अर्ज होते. नवऱ्याच्या मागे दत्तक मुलाचा हक्क मिळावा म्हणून ती कागदोपत्री लढत होती. नवरा गेल्यावर वारसाच्या कागदांसाठी सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईला ही झाशीची राणी तलवारीच्या राणीपेक्षा जवळची वाटली तर नवल नाही.

दुपारचा एक वाजतो. वेळापत्रकाप्रमाणे ओरछाला निघायची वेळ झालेली असते. ओरछा झाशीपासून जेमतेम 18 किलोमीटरवर आहे आणि बेतवाकाठचे ते गाव फारच देखणे आहे, यात वाद नाही. नवरा घड्याळाकडे बघतो. बायको काही बोलत नाही, फक्त कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवते. जेवण आटोपून रिक्षा ओरछाऐवजी पूर्वेला, लक्ष्मी दरवाजाकडे वळते.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी

जुन्या झाशीभोवती तट होता आणि त्याला दरवाजे होते. खंडेराव दरवाजा, दतिया दरवाजा, ओरछा दरवाजा, सागर दरवाजा. आसपासच्या मोहल्ल्यांना आजही तीच नावे आहेत. यांतला लक्ष्मी दरवाजा पूर्वेकडचा. त्याच्या बाहेर महालक्ष्मीचे मंदिर आणि त्याला लागून लक्ष्मी ताल.

तळ्याचे नाव ऐकून ते राणीवरून पडले असेल, असे कोणालाही वाटेल. पण महालक्ष्मीचे हे मंदिर अठराव्या शतकातले, म्हणजे राणी झाशीत सून म्हणून येण्याच्या कितीतरी आधीचे आहे. महालक्ष्मी ही नेवाळकरांची कुलदेवता. कोकणातून निघालेले घराणे बुंदेलखंडात स्थिरावले, तेव्हा त्यांनी आपली देवीही इथे आणून बसवली. गाव बदलले, भाषा बदलली तरी कुलदेवता सोबत न्यायची, ही आपल्या घरांची जुनी रीत. पुढे घरात सून आली तिचे सासरचे नावही लक्ष्मीच ठेवले गेले.

लक्ष्मीबाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी या मंदिरात दर्शनाला येत असे, अशी आठवण सांगतात. कधी मेण्यातून, कधी घोड्यावरून, सोबत लहान दामोदर. किल्ल्यापासून बाजारातून लक्ष्मी दरवाजापर्यंतचा जो रस्ता आज रिक्षाने पार केला जातो, साधारण त्याच वाटेने तिची स्वारी निघत असेल. दुतर्फा लोक उभे राहत असतील. राणीला तिच्या माणसांनी सर्वांत जास्त वेळा पाहिले असेल ते रणांगणावर नव्हे, याच रस्त्यावर.

मंदिरात अजून पूजाअर्चा चालते. दिवाळीच्या सुमारास इथे मोठी गर्दी होते. एरवी दुपारी मात्र दोनचार भाविक आणि पुजारी एवढेच असतात. दर्शन घेऊन जरा टेकले की तळ्यावरून येणारा वारा लागतो.

तिने बांधलेली छत्री

मंदिरापासून थोड्याच अंतरावर, तळ्याच्या काठीच महाराज गंगाधररावांची छत्री आहे. बागेच्या आवारात उंच चौथऱ्यावर उभी असलेली कमानींची वास्तू. बाजारातल्या रिक्षावाल्याला ‘छत्री’ म्हटले की ठिकाण चटकन कळते. मात्र गावाबाहेरून येणाऱ्यांपैकी इथवर फार थोडे पोचतात.

या चौथऱ्यावर बसून 1853 चा नोव्हेंबर महिना आठवावा.

राजाराणींना 1851 मध्ये मुलगा झाला होता. तो काही महिन्यांतच गेला. त्या धक्क्यातून गंगाधरराव सावरले नाहीत, असे म्हणतात. 1853 च्या नोव्हेंबरमध्ये प्रकृती फारच खालावली, तेव्हा 20 तारखेला त्यांनी नात्यातल्या आनंदराव नावाच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदर ठेवले. दत्तविधानाला इंग्रज अधिकारी मुद्दाम बोलावून घेतले होते. मेजर एलिसच्या हाती राजाने एक पत्र दिले. या मुलाला वारस मानावे, आपल्या पत्नीला सन्मानाने वागवावे आणि ती हयात असेपर्यंत राज्याचा कारभार तिच्याकडे असावा, अशी विनंती त्यात होती. दुसऱ्या दिवशी, 21 नोव्हेंबर 1853 ला गंगाधरराव वारले.

ज्या काळात विधवेने अंधाऱ्या खोलीत बसावे अशी अपेक्षा असे, त्या काळातला एक कडक स्वभावाचा, नाटकवेडा राजा मरणाच्या दारात बसून लिहितो की माझ्या मागे राज्य माझी बायको चालवील. त्याने तिच्यातले काय पाहिले होते? लग्नाला अकरा वर्षे झाली होती. संसाराविषयी फारसे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण त्या एका पत्राने दोघांमधल्या विश्वासाची साक्ष ठेवली आहे.

इंग्रजांनी ते पत्र मानले नाही. डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि झाशी खालसा झाली. राज्य हातचे जात असताना ऐन तारुण्यातल्या त्या विधवेने नवऱ्याची छत्री मात्र पुरी केली. आपल्या कुलदेवतेच्या शेजारी, आपल्या नेहमीच्या वाटेवर, तळ्याच्या काठी. पुढची चार वर्षे मंगळवारी-शुक्रवारी देवीच्या दर्शनाला येताना ही छत्री तिच्या नजरेसमोरच असे.

आणि ती स्वतः? 1858 च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळच्या लढाईत ती पडली. तिची समाधी ग्वाल्हेरच्या फूलबागेत आहे. झाशीपासून शंभर किलोमीटर दूर. दामोदर तेव्हा लहान होता. तो पुढे इंदूरला राहिला आणि 1906 मध्ये तिथेच वारला. नवरा लक्ष्मी तालच्या काठी, बायको ग्वाल्हेरला, मुलगा इंदूरला. राज्य गेल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. घर असे विखुरल्याची गोष्ट या छत्रीपाशी बसल्यावरच मनात येते.

आपले जोडपे बराच वेळ काही बोलत नाही. मग बायको विचारते, ‘‘तुम्ही असं पत्र लिहिलं असतंत?’’

नवरा हसण्यावारी नेतो. पण थोड्या वेळाने म्हणतो, ‘‘घरी गेल्यावर बँकेचे सगळे कागद एकदा तुला दाखवतो. कुठे काय आहे, ते तुला माहीत पाहिजे.’’

तळ्याची दुखणी

लक्ष्मी ताल हे केवळ नजरेचे सुख नव्हे. बुंदेलखंडात जमिनीखाली ग्रॅनाइटचा कातळ आहे. पाऊस जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पडतो आणि उरलेले वर्ष कोरडे जाते. कातळात पाणी फारसे मुरत नाही. म्हणून चंदेल राजांपासून पुढे बुंदेले आणि मराठे, सगळ्यांनीच या मुलखात तळी बांधली आणि राखली. उतारावरून वाहणारे पाणी बांध घालून अडवायचे, की आसपासच्या विहिरी उन्हाळ्यातही तग धरतात. मंदिर, घाट, छत्री आणि बाग तळ्याकाठी बांधण्यामागे भक्तीइतकाच हा व्यवहारही होता. ज्या पाण्याकाठी देव असतो, ते पाणी लोक घाण करीत नाहीत, असा त्या काळचा विश्वास होता.

तो विश्वास आपल्या पिढ्यांनी खोटा ठरवला. शहर वाढले तशी तळ्याच्या कडेने घरे सरकत आली आणि पात्र आक्रसले. नाल्यांतून सांडपाणी तळ्यात उतरू लागले. सांडपाण्यातल्या खताने जलपर्णी फोफावते, तिचा हिरवा गालिचा पाण्यावर पसरतो, खाली ऊन आणि हवा पोचत नाही आणि मासे मरतात. दुरून सुंदर दिसणारी ती हिरवळ म्हणजे तळ्याचा आजार असतो. अतिक्रमण आणि सांडपाण्याचा हा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंतही गेला. अलीकडच्या वर्षांत गाळ काढणे, काठ सुधारणे, सांडपाणी शुद्ध करणे अशी कामे हाती घेण्यात आली. पण तळे एकदा साफ करून भागत नाही. नाल्याचे तोंड बंद झाले नाही तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच होते.

किल्ल्याच्या दगडाला कोणी धक्का लावला तर देशभर ओरड होईल. तळे मात्र रोज वीतभर आत सरकले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. छत्रीची शोभा समोरच्या पाण्यामुळे आहे. पाणी गेले तर उरेल ती बाजारामागची एक जुनी इमारत. पर्यटकांच्या हातात फार काही नसते, हे खरे. पण निर्माल्याची पिशवी पाण्यात न टाकणे, प्लास्टिकची बाटली परत घेऊन जाणे एवढे तर प्रत्येकाला जमते. आणि चार माणसे मुद्दाम वाट वाकडी करून तळे पाहायला येऊ लागली, की ते राखावे असे शहरालाही वाटू लागते.

संध्याकाळी काठावर

लक्ष्मी ताल पाहायची खरी वेळ संध्याकाळची. तळे शहराच्या पूर्वेला असल्यामुळे काठावर बसले की सूर्य शहराच्या, किल्ल्याच्या दिशेला मावळतो. पाण्यावर तांबूस उजेड पसरतो. मंदिरातून घंटेचा आवाज येतो. फिरायला आलेली कुटुंबे, शेंगदाणे विकणारा पोऱ्या, पाण्याजवळ जाऊ पाहणारी मुले आणि त्यांना हाका मारणाऱ्या आया. झाशी इथे रोजच्या जगण्यात दिसते.

अंधार पडण्यापूर्वी इथून निघावे. रिक्षावाल्याशी येण्याजाण्याचे आणि थांबण्याचे पैसे आधीच ठरवून घ्यावेत, म्हणजे परतीला शोधाशोध होत नाही. मंदिरात चपला बाहेर काढाव्या लागतात, तेव्हा थंडीच्या दिवसांत पायमोजे उपयोगी पडतात. किल्ल्यावर संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम असतो. हंगामाप्रमाणे त्याची वेळ बदलते, म्हणून सकाळी तिकीट काढतानाच विचारून ठेवावे. दिवसभराच्या चालण्यानंतर बसून पाहण्याजोगा तो कार्यक्रम आहे. राणीचा घोडा, तोफा, वेढा सगळे त्यात असते. फक्त तळ्याकाठचा तिचा नवरा जाऊन भेटल्याशिवाय कळत नाही.

आपल्या जोडप्याचा ओरछाचा बेत राहून गेलेला असतो. रिक्षात बसता बसता नवरा खिशातून तो कागद काढतो.

‘‘उद्या ओरछा करू या का?’’ तो विचारतो. ‘‘वेळ आहे आपल्याला.’’

बायको मागे वळून छत्रीकडे बघते. काळोखात आता तिच्या कमानींच्या फक्त कडा दिसत असतात.

‘‘ओरछा परवा,’’ ती म्हणते. ‘‘सकाळी ग्वाल्हेरची गाडी किती वाजता असते ते बघा. नवऱ्याला भेटलो, आता तिला भेटून येऊ.’’

नवरा पेन काढतो आणि ओरछाच्या वर ग्वाल्हेर लिहितो.